जिचं नाव घेऊ नये

“माज्या आईचं नाव काय?”

जयूने दारातूनच विचारलं आणि म्हातारीच्या हातातलं सूप पाखडता पाखडता थांबलं.

शाळेतून आलेल्या जयूने अजून पाटीही खाली ठेवली नव्हती. चुलीपाशी बसलेल्या सुलक्षणाने मान वळवली. “सुलक्षणा. बाईंनी विचारलं तर सुलक्षणा सांगायचं, म्हटलं होतं ना मी?”

“तेच सांगितलं. पन मुली हसल्या. बोलल्या, ती तुजी दुसरी आई. पयली मेली ना, तिचं नाव काय? मला नाय आलं सांगता.” मग ती आजीकडे वळली. “आजी, तुला तर माहीत असेल ना? काय होतं?”

म्हातारी सूप टाकून उठली. तांदूळ जमिनीवर सांडले, तिकडे तिने पाहिलंही नाही. जयूचं बखोट धरून तिने तिला उंबऱ्याच्या आत ओढलं, दार लोटलं, मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन तिच्यावरून उतरल्या आणि चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या.

“परत इचारू नको. कळला? बाळंतपणात गेलली ती. नाव घेतलंस काय दारात येवन उबी रवता. आणि इली काय कोणाक नेतली? तुकाच. तिच्या मायेचा माणूस तूच मा?”

जयू रडली नाही. खांद्यावरचं दप्तर सावरत ती म्हणाली, “पन तिला नाव तर होतं ना?”

सुलक्षणा पुढे सरकून तांदूळ वेचायला लागली.

तेव्हा मुलुंड मुंबईत मोजलं जात नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी कौलारू खोल्यांची एक ओळ होती, तीत गुणाजी सावंताची शेवटची खोली. त्याचा बाप परळच्या गिरणीत खपला. गुणाजी मात्र पाणीखात्यात चिकटला होता. तलावाचं पाणी शहराकडे नेणाऱ्या मोठ्या नळावर तो चावीवाला होता. खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी टाकून नळाच्या कडेकडेने चालायचं आणि ठरल्या वेळी झडपा उघडायच्या, बंद करायच्या, हे त्याचं काम. बोलणं मुळात कमी. बायको गेल्यापासून आणखी कमी झालं होतं.

सुलक्षणा त्याच्या घरात आली ती जयू चार वर्षांची असताना. ती वाढलेली लालबागच्या चाळीत. बाप लवकर गेला, पाठीवर दोन बहिणी. त्यांना वाटेला लावता लावता तिचं स्वतःचं वय उलटून गेलं. बिजवराचं स्थळ आलं तेव्हा आईने तिला विचारलंसुद्धा नाही, आणि विचारलं असतं तरी ती नाही म्हणाली नसती. माहेरी ती प्रेमा होती. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, ते सासूने सुचवलेलं होतं. लक्षणं तरी बरी निघावीत, म्हणून.

त्याच संध्याकाळी सासूने काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा एक इवलासा टाक तिच्या गळ्यात बांधला. “ही तुजी थोरली. सणासुदीचो पयलो घास हिचो. नवा लुगडा नेसशीत, तर आदी हिका दाखव.”

“नाव काय ह्यांचं?” सुलक्षणाने विचारलं होतं. सवतीच्या टाकाला हात लागताच तिला उगीचच तिच्याबद्दल काहीतरी वाटलं होतं.

“नाव नाय इचारूचा.”

घरात तिला ‘ती’ म्हणत. क्वचित ‘पयली’. फोटो नव्हता. लुगडी गावी वाटून टाकली होती. ती बसायची तो पाट कुठला, ती पाणी प्यायची तो तांब्या कुठला, हेही कोणी सांगत नसे. सहा माणसं जेमतेम झोपतील एवढ्या खोलीत एका बाईने संसार केला होता आणि तिची एक खूण शिल्लक नव्हती. होती ती फक्त जयू.

म्हातारी वाईट नव्हती. जयू जन्मली आणि दुसऱ्याच दिवशी तिची आई इस्पितळात रक्त जाऊन गेली. तेव्हा ह्याच म्हातारीने कापसाची वात दुधात बुडवून पोरीच्या तोंडात धरली, रात्रीच्या रात्री मांडीवर घेऊन बसली. लोक म्हणत होते, जगायची नाही. तिने जगवली. आणि तिची भीती ऐकीव नव्हती. ती नवी नवरी असताना तिची जाऊ अशीच बाळंतपणात गेली होती. जाऊबाईचा नवरा विहिरीच्या काठावर बसून बायकोच्या नावाने हंबरडा फोडायचा. घरच्यांनी किती समजावलं, तोंडावर हात ठेवला, तो ऐकेना. महिना झाला नाही तो मागे राहिलेलं तान्हं मूलही गेलं. म्हातारीने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून ती हे जाणून होती, जशी चुलीतला विस्तव हाताला लागला की भाजतो हे जाणून होती.

जयू सुरुवातीला सुलक्षणाच्या वाऱ्याला उभी राहत नसे. मग एकदा पोरीला गोवर आला. सुलक्षणा कडुनिंबाचा पाला तिच्या अंगावरून फिरवत बसून राहिली. ताप उतरल्यावर जयू तिच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायला लागली, आणि ते मग कायमचंच झालं. सकाळी उठताना सुलक्षणाला आधी एकेक बोट उलगडून पदर सोडवून घ्यावा लागे.

म्हणून तो प्रश्न तिच्या मनातून जाईना. पोर पुन्हा विचारत नव्हती. पण शाळेत जाताना मुलींच्या घोळक्याच्या मागे राहून एकटीच चालायची, हे सुलक्षणाने पाहिलं होतं.

त्या पावसाळ्यात सुलक्षणाला दिवस गेलेले होते. एकदा गुणाजी भाकरी न घेताच कामावर गेला. ती फडक्यात भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून नळाच्या वाटेने निघाली. आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस थांबलेला होता. झडपेच्या खड्ड्याशी तो दिसला. चावी झडपेवर बसवून दोन्ही हातांनी फिरवत होता.

“एवढ्या लांब कशाला आलीस? अशा अवस्थेत?”

“चालायला बरं असतं म्हणतात.”

तो नळावर बसून भाकरी खायला लागला. आसपास कोणाच्या तरी शेळ्या चरत होत्या, बाकी कोणी नव्हतं.

“एक विचारू?”

“विचार ना.”

“जयूच्या आईचं नाव काय होतं?”

गुणाजीने मागे वळून पाहिलं, जणू कोणी उभं असावं. “आयेनं ऐकलं तर—”

“त्या इथे कुठे आहेत?”

“तुला कशाला पायजे?”

“मला नको. पोरीला पाहिजे.” तिचा हात पोटावर गेला. “आणि मलाही पाहिजे म्हणा. उद्या मी अशीच गेले तर? पोटात आहे त्याला माझं नाव कोण सांगेल? माझाही एक टाक करून तिसरीच्या गळ्यात बांधाल, झालं.”

“काहीतरीच काय बोलतेस!”

तो उठला आणि पुन्हा चावीला भिडला. त्याच्या पाठीचे स्नायू ताणले. झडप सुटली, नळाच्या पोटात पाणी धडाडून गेलं. त्या आवाजात तो काहीतरी बोलला.

“काय?”

पाणी मार्गी लागेपर्यंत तो थांबला. “रत्नप्रभा,” तो म्हणाला. मग चावीच्या दांड्याकडे पाहत, “मी रत्ना म्हनायचो.”

तो पुन्हा एकदा, हलकेच, स्वतःलाच ऐकू जाईल इतपत म्हणाला, “रत्ना.” त्याचा आवाज असा तिने कधी ऐकला नव्हता. तिला हेवा वाटला नाही.

उरलेली भाकरी त्याने खाल्ली नाही. फडक्यात परत बांधून दिली. त्या दिवशी घरी आल्यावर तो दाराबाहेर उभा राहून पायांवर पाणी घेत राहिला, घेत राहिला. शेवटी म्हातारीच म्हणाली, “बस रे झिला, हंडो रिकामो केलंस!”

रविवारी सुलक्षणा जयूला घेऊन डोंगराच्या बाजूला काटक्या वेचायला गेली. मोळी बांधून झाल्यावर तिने पोरीला समोर उभं केलं.

“एक सांगते. घरात बोलायचं नाही. आजीसमोर नाही, कोणासमोरच नाही. घे माझ्या गळ्याची शपथ.”

जयूने तिच्या गळ्याला हात लावला.

“तुझ्या आईचं नाव रत्नप्रभा.”

जयूचे ओठ नुसतेच हलले. मग ती मोठ्याने म्हणाली, “रत्नप्रभा? केवढं मोठं नाव गं!”

“मोठंच आहे.”

“कशी होती ती?”

“मी कुठे पाहिलंय? पण बाबा तिला रत्ना म्हणायचे.”

“बाबा?” जयूला हे फारच नवल वाटलं. बाबा कोणाला काही लाडाने म्हणत असतील, हेच तिला ठाऊक नव्हतं. परत येताना ती पुढे पुढे उड्या मारत चालली होती, आणि दर उडीला एकेक अक्षर टाकत होती. वस्तीची पहिली खोली दिसली तशी तिने दोन्ही हात तोंडावर दाबले आणि सुलक्षणाकडे पाहून डोळ्यांनी हसली.

पोरीने शब्द पाळला. दसरा गेला, दिवाळी गेली, घरात तिच्या तोंडून ते नाव निघालं नाही. शाळेत तिने ते सांगितलं असावं, कारण ती आता मुलींच्या घोळक्यात चालायला लागली होती.

दिवाळीनंतर सुलक्षणाला कळा सुरू झाल्या. तिने गुणाजीला आधीच सांगून ठेवलं होतं, इस्पितळात जाऊ. पण म्हातारी दारात आडवी बसली. “पयलीक इस्पितळात नेलंस, काय परत हाडलंस? हय माझ्या डोळ्यांसमोर होवंदे.” गुणाजीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि सुईणीला बोलवायला गेला.

पहाटे मुलगा झाला. गोरा, डोक्यावर भरपूर जावळ. म्हातारीने त्याला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तिच्या सुरकुत्यांतून पाणी ओघळलं. तिने वस्तीभर साखर वाटली. सुलक्षणाला तिने बाजेवरून पाय खाली टाकू दिला नाही. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, अंग शेकायला रोज निखारे. पाचवीला सटवाई पुजली. बारशाला काय नाव ठेवायचं यावर माय-लेकांचं बोलणं चालायचं. म्हातारीला आपल्या सासऱ्याचं नाव हवं होतं. पण मग ती नातवाला हाक कशी मारणार, सासऱ्याचं नाव कसं घेणार? “मी तेका बाळा म्हणान,” ती म्हणाली. लग्न झाल्यापासून सुलक्षणाने त्या घरात एवढं हसू ऐकलं नव्हतं.

जयू तर बाळाला सोडतच नव्हती. शाळेतून आली की हातपाय धुऊन त्याच्याशेजारी पालथी पडायची आणि त्याच्या मुठीत आपलं बोट अडकवायची.

त्या दिवशी तिन्हीसांजेला म्हातारी तुळशीपाशी दिवा लावायला गेली होती. सुलक्षणाचा डोळा लागला होता. तिला जाग आली ती जयूच्या पुटपुटण्याने.

“माज्या आईचं नाव रत्नप्रभा,” जयू बाळाच्या कानाशी सांगत होती. “तुज्या आईचं नाव सुलक्षणा. पन दोघी आपल्या दोघांच्या. कळलं? कोनी विचारलं तर सांगायचं. हसू द्यायचं नाय कोनाला.”

सुलक्षणा ऐकत पडून राहिली. तिला इतकं बरं वाटलं की पोरीला गप्प करायला हवं हे तिच्या ध्यानातच आलं नाही. ध्यानात आलं तेव्हा दारात म्हातारी उभी होती, हातात निरांजन, आणि त्याची वात हलत होती.

तिने निरांजन खाली ठेवलं. जयूला दंडाला धरून उठवलं.

“कोणी सांगितल्यान तुका ह्या?”

जयूने मोकळा हात तोंडावर दाबला.

“तिनसांजेक! बाळंतिणीच्या खोलयेत! पोराच्या कानात! बोल, कोणी सांगितल्यान?”

म्हातारीने तिच्या पाठीत धपाटा घातला, मग दुसरा. जयूने मार खाल्ला. तिने एकदाच सुलक्षणाकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली. दारात गुणाजी येऊन उभा होता. त्यानेही सगळं ऐकलं.

“आई, सोडा तिला. लहान आहे ती,” सुलक्षणा म्हणाली. मी सांगितलं, हे तिला म्हणता आलं असतं. तिने गुणाजीकडे पाहिलं. तो कोपऱ्यात चावी उभी करत होता आणि ती नीट उभी राहत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ दूध ओढेना.

आधी वाटलं, पोट भरलं असेल. दुपारी तोंडात छातीची बोंडशी दिली तर त्याचे ओठ आवळलेले. संध्याकाळपर्यंत त्याचा जबडा मिटला तो मिटलाच. जरा आवाज झाला की त्याचं इवलंसं अंग धनुष्यासारखं मागे ताणलं जाई, आणि रडूही येत नसे, नुसता एक बारीक कण्हण्याचा आवाज. म्हातारीने अंगारा लावला, लिंबू कापलं, उंबऱ्याला खिळा ठोकला. गुणाजी बाजारातल्या डॉक्टरांना सायकलवरून घेऊन आला.

डॉक्टरांनी बाळाला पाहिलं, बेंबी पाहिली. “नाळ कशाने कापली?”

“विळ्यानं,” गुणाजी म्हणाला. “सुईणीनं.”

“धुतला होता? उकळला होता?”

गुणाजीने आईकडे पाहिलं.

“धनुर्वात आहे हा. विळ्याचे जंतू बेंबीतून अंगात गेले. तुमच्याकडून काय चुकलं ते आता बोलून उपयोग नाही. मोठ्या इस्पितळात न्या, पण...” ते थांबले. “ह्या वयाचं मूल ह्यातून वाचलेलं मी पाहिलेलं नाही.”

“डाक्टर हय हुतो तिनसांजेक?” ते गेल्यावर म्हातारी म्हणाली. “आमच्या सगळ्यांची नाळ इळ्यानच कापली. आमी मेलव? तुमका आयकाक येना झाला, पण मी तेव्हाच समाजलंय. दिव्याची वात कशी हालली, मी बघलंय.”

बाळ इस्पितळात पोचेपर्यंत राहिलं नाही. वाटेतच, सुलक्षणाच्या मांडीवर, एकदा ताणलं गेलं आणि मग सैल झालं.

पुरायला गुणाजी आणि वस्तीतले दोघे गेले. नोंद करणाऱ्या माणसाने नाव विचारलं.

“नाव ठेवलं नव्हतं,” गुणाजी म्हणाला. “बारसं व्हायचं होतं.”

“मग तुमचंच सांगा.”

हे त्याने घरी येऊन सुलक्षणाला सांगितलं. का सांगितलं, त्यालाही कळलं नसावं. सुलक्षणाला एवढंच समजलं, की तिच्या मुलाचं नाव घेऊ नको, असं बजावायचीही कोणाला गरज नव्हती. त्याला घ्यायला नावच नव्हतं. म्हातारी त्याला बाळा म्हणणार होती. बाळा तर कोणालाही म्हणतात.

तिची छाती दुधाने दगडासारखी झाली. शेजारणीने पट्टा बांधून दिला, कोबीची पानं बांधली. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. डॉक्टर काय म्हणाले ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं. विळा तिने स्वतः पाहिला होता, गंजलेला, कोपऱ्यातल्या पाटाखालून काढलेला. सगळं तिला कळत होतं. आणि तरी डोळे मिटले की दिसायचा तो विळा नव्हे, तर बाळाच्या कानाशी हलणारे जयूचे ओठ. मी सांगितलं, मी. माझ्या तोंडातून तिच्या तोंडात, तिच्या तोंडातून त्याच्या कानात. ती हा विचार झटकायची आणि तो परत यायचा. गळ्यातला टाक तिने काढून देवांत ठेवला, आणि अर्ध्या तासाने घाबरून परत बांधला.

एका दुपारी जयू हळूच जवळ आली. तिने काही विचारलं नाही, नेहमीसारखं पदराचं टोक धरायला हात पुढे केला. सुलक्षणाने पदर ओढून घेतला. मुद्दाम नव्हे. विंचू दिसल्यावर पाय उचलला जातो तसा तो ओढला गेला. जयूचा हात तसाच हवेत राहिला. मग तिने तो मागे घेतला आणि फ्रॉकला पुसला, जणू हाताला काही लागलं होतं.

त्यानंतर ती सुलक्षणाजवळ झोपायला आली नाही. दाराशी, आजीच्या पायथ्याला पडायची. बोलणं तर जवळजवळ बंदच. शाळेत बाईंनी हजेरीला नाव घेतलं तरी ‘हजर’ म्हणत नाही, असं शेजारची पोरगी सांगून गेली.

जयूला गावी पाठवायचं म्हातारीनेच काढलं. जेवायला बसले असताना.

“चेडवाक हय ठेव नको रे. पयली आता घराची वाट बघून गेली. एकाक नेल्यान, परत येतली ती हेकाच न्हेवक.” म्हातारीचा आवाज फुटला. “मी वाती वातीन पाजून जगवलंय तेका. माझ्या डोळ्यांदेखत जावक नको. गावाक थोरल्याकडे धाड. थंय गावचो राखणदार देव आसा, थंय ती येवची नाय.”

गुणाजी भाताकडे पाहत होता. “वैनीला स्वतःची चार आहेत. कशी वागवील...”

“जिती तरी रवात.”

त्याने सुलक्षणाकडे पाहिलं. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच त्याने असं सरळ पाहिलं होतं. त्या नजरेत ती नळावरची दुपार होती. मी बोलायला नको होतं, तू विचारायला नको होतंस, असं ती नजर म्हणत होती. आणि आणखी एक होतं: तू नाही म्हण. तू नाही म्हणालीस तर मीही नाही म्हणेन.

दाराशी जयू आपल्या ताटलीतला भात कालवत बसली होती. खात नव्हती. सगळं ऐकत होती.

“पाठवा,” सुलक्षणा म्हणाली.

म्हातारीने डोळे पुसले. गुणाजीने ताटात पाणी सोडलं.

कोकणच्या बोटी सुरू झालेल्या होत्या. गावचा धोंडू परब रजेवर निघाला होता, त्याच्याबरोबर पाठवायचं ठरलं. गुणाजीने पोरीला नवा फ्रॉक आणला, निळा, जरा मोठाच, पुढच्या वर्षी होईल असा. म्हातारी धक्क्यावर आली नाही. तिने जयूच्या दंडाला ताईत बांधला, तिचं तोंड दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिलं आणि मग घरात जाऊन दार लावून घेतलं.

भाऊच्या धक्क्यावर खारट, माशांचा वास दाटलेला होता. ट्रंका, पोती, कोंबड्यांच्या टोपल्या घेऊन माणसं बोटीच्या फळीकडे रेटत होती. धोंडूने जयूचं बोचकं आपल्या काखेत मारलं. “काळजी करू नका वैनी. सांभाळून न्हेतंय.”

सुलक्षणा खाली बसली. जयूच्या वेणीची रिबिन सैल झाली होती ती तिने सोडली आणि पुन्हा बांधली. इतक्या दिवसांत तिने पोरीला हात लावला नव्हता. केसांना घरच्या खोबरेलाचा वास येत होता. रिबिनीचं फूल नीट बसलं होतं, तरी तिने ते पुन्हा सोडलं.

जयूने इकडेतिकडे पाहिलं. मग सुलक्षणाच्या कानाशी तोंड आणून, पण कानाला लागू न देता, ती म्हणाली, “मी तिकडे तुजं नाव नाय घेणार हां. कोनी विचारलं तरी. नुसतं आई बोलेन. तुला काय नाय होणार.”

सुलक्षणाचे हात रिबिनीवरच थांबले. घे गं, म्हणायचं होतं तिला. हजारदा घे, नावाने कोणी मरत नाही, विळ्याने मेलं ते. पण हे खरं आहे असं तिला स्वतःला वाटत असतं, तर पोर इथे ह्या फळीपाशी उभीच नसती. तिने रिबिनीला गाठ मारली.

“चला, चला, उशीर होता,” धोंडू म्हणाला आणि जयूचा हात धरून गर्दीत शिरला. निळा फ्रॉक फळीवर दिसला, मग दिसेनासा झाला.

बोटीने भोंगा दिला. दोर सुटले. सगळा धक्का एकदम ओरडायला लागला. “ए बाबल्या, पोचलास की पत्र धाड!” “शेवंते, पोराला कठड्याशी सोडू नको!” “आबा, ओ आबा, इकडे बघा!” ज्याचं त्याचं माणूस नाव ऐकून वळत होतं, हात हलवत होतं, हसत होतं, रडत होतं.

जयू वरच्या कठड्याशी आली होती. धोंडूच्या कोपराखालून तिचं तोंड दिसत होतं. ती धक्क्यावरचे चेहरे धुंडाळत होती, पण भलत्याच टोकाला, जिथे टोपल्यांचा ढीग होता तिथे.

“तिला दिसत नाय आपन,” गुणाजी म्हणाला. “हाक मार ना.”

“तुम्ही मारा.”

त्याने तोंड उघडलं. आजूबाजूला इतकी नावं चालली होती, त्यात जयूचं आणखी एक कोणाच्या, पयलीच्यासुद्धा, ध्यानात आलं नसतं. त्याने तोंड मिटलं.

सुलक्षणाने हात वर केला. बोट हळूहळू वळत होती, मध्ये मातकट पाणी रुंद होत होतं. जयू अजून त्या टोपल्यांकडेच पाहत होती. हात खांद्यातून दुखायला लागला तरी सुलक्षणाने तो खाली घेतला नाही.